काळ्या मसाल्याची खरी नक्कल

माझ्या सहीचा आणि शिक्क्याचा एक कागद सध्या सहा घरांत आहे. एक देवळाली कॅम्पला, बायकोच्या मामेबहिणीकडे. बाकीचे पाच सटाण्यात. कागदावर काळ्या मसाल्याचं प्रमाण आहे आणि खाली ‘मूळ कागदावरून केलेली खरी नक्कल’ असा निळा शिक्का आहे. ती नक्कल खरी नाही. मूळ कागद मी घंटागाडीत टाकला आणि प्रमाण मनानं लिहिलं. हे बायकोला सांगायला मला सहा वर्षं लागली. बाकीच्यांना आता सांगतो.

चौतीस वर्षं मी एका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळलं. त्या चौतीस वर्षांत माझ्या ताब्यातला एकही कागद हरवला नाही. निरोप समारंभात साहेब हेच बोलले, आणि ते खरं होतं. निवृत्तीनंतर मात्र मला सांभाळायला काही उरलं नाही. विजेची बिलं लावून झाली, लसीकरणाची कार्डं लावून झाली, देवघरातल्या पोथ्यांना क्रमांक घालून झाले. बायको म्हणाली, “आता देवांना आकडे घालू नका म्हणजे झालं.”

अशात एक दिवस सून सहज म्हणाली, “बाबा, आईंच्या रेसिपी कुठंतरी एकत्र करता येतील का? आई नसल्या की मला काही सापडत नाही. आठवड्याचा मेनूही आधीच ठरला तर मला ऑफिसातून येताना भाजी आणता येईल.”

तिनं वहीत चार ओळी लिहून मागितल्या होत्या. मी तो आदेश समजलो.

बायकोच्या पाककृती बिस्किटांच्या एका जुन्या पत्र्याच्या डब्यात होत्या. लग्नपत्रिकांच्या पाठीवर, कॅलेंडरच्या पानांवर, औषधाच्या खोक्याच्या पुठ्ठ्यावर. लिंबाच्या गोड लोणच्याची कृती माझ्या बदलीच्या हुकमामागं लिहिलेली निघाली. तो हुकूम मी वीस वर्षं शोधत होतो.

“हा इथं काय करतोय?” मी विचारलं.

“त्या दिवशी कोरा कागद तेवढाच होता घरात,” ती म्हणाली. “आणि तुमची बदली रद्द झाली होती. लोणचं अजून टिकलंय.”

मी कामाला लागलो. कचेरीत कागदांचे चार वर्ग असतात. ‘अ’ म्हणजे कायम जपायचे. ‘ब’ आणि ‘क’ ठरावीक वर्षं ठेवायचे. ‘ड’ म्हणजे वर्षभरानं नष्ट करायचे. वरण, भाकरी, काळा मसाला ‘अ’मध्ये गेले. दिवाळीचा फराळ ‘ब’मध्ये. ज्या पदार्थाची गेल्या वर्षभरात घरातून मागणी आली नव्हती तो ‘ड’मध्ये. नानकटाई ‘ड’मध्ये पाहून बायको चिडली. “मागणी कशी येईल? तुम्हीच म्हणालात, साखर वाढलीय!” मी शेरा मारला की हरकत विचारात घेतली. नानकटाई ‘ड’मध्येच ठेवली.

जाड नोंदवही आणली. स्टेशनजवळच्या दुकानातून ‘खरी नक्कल’चा शिक्का बनवून घेतला. पद्धत अशी ठरवली की मूळ कागदावरून मी सुवाच्य अक्षरात नोंदवहीत उतरवायचं, खाली शिक्का, सही. मग मूळ कागदाची गरज नाही. नोंदवही कपाटात, किल्ली माझ्याकडे. कुणाला कृती हवी असेल तर मागणीची चिठ्ठी द्यायची.

पहिल्याच आठवड्यात ओट्यापाशी उभी राहून बायको ओरडली, “अहो, कोथिंबीर वडीला बेसन किती?”

“चिठ्ठी दे.”

“हात पिठात आहेत!”

“मग अंगठा उठव.”

तिनं खरंच उठवला. तो पिठाचा अंगठा माझ्या आवक फायलीत वाळून कडक झालेला अजून आहे. त्या वेळी मला तो शिस्तीचा विजय वाटला होता. आता ते पान उघडलं की मी पटकन उलटतो.

आठवड्याचा तक्ता फ्रिजवर लागला. बदल हवा असेल तर तीन दिवस आधी कळवायचं. एका बुधवारी बायकोचा भाऊ न कळवता आला, त्या दिवशी मुगाची खिचडी होती, म्हणून त्याला मुगाची खिचडीच मिळाली. जाताना त्यानं बहिणीला विचारलं, “दाजींना बरं नाही का?” पुढं मी तक्ता मागच्या वर्षीच्या कॅलेंडरवरून उतरवला आणि सगळ्या घरानं भलत्याच दिवशी एकादशी केली. खऱ्या एकादशीला आम्ही कांदाभजी खाल्ली. संध्याकाळी शेजारणीकडून हे कळलं तेव्हा बायको हात जोडून देवघरापुढं बसली आणि मला म्हणाली, “या, तुम्ही पण बसा. तक्ता आणा बरोबर. त्याला दाखवा.”

हे सगळं हसण्यावारी गेलं. मसाल्याचं गेलं नाही.

बायको सटाण्याची. तिची आई काळा मसाला करायची तसा आजूबाजूला कुणाचा व्हायचा नाही. बायकोचं लग्न ठरलं तेव्हा आईनं तोंडी सांगितलं आणि शाळकरी धाकट्या बहिणीनं ते पेन्सिलीनं एका लांब कागदावर लिहून घेतलं. तो एकच कागद. आई गेल्यावर धाकटी बहीण दर उन्हाळ्यात सटाण्याहून फोन करायची आणि बायको तो कागद उलगडून तिला वाचून दाखवायची. घडी घालून घालून तो जाड चौकोनी झाला होता, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला. त्याचा जाडपणा मला नडला. सगळे गठ्ठे पलंगावर लावले तेव्हा ‘क’ कुठं संपतो आणि ‘ड’ कुठं सुरू होतो ते कळावं म्हणून मी मध्ये खुणेसाठी काहीतरी जाड शोधत होतो. ‘अ’ गठ्ठ्यात सगळ्यात वर तोच होता. तो उचलून मध्ये घातला.

सकाळी घंटागाडीचं गाणं वाजलं. मी ‘ड’ गठ्ठा उचलला, जिना उतरलो आणि सुक्या कचऱ्याच्या कप्प्यात माझ्या हातानं टाकला. खूण गठ्ठ्याबरोबरच गेली. नष्ट केलेल्या कागदांची यादीही मी केली होती. त्यात मसाला नाही. म्हणजे कचेरीच्या भाषेत तो कागद अजून अस्तित्वात आहे.

अकरा दिवसांनी नोंदवहीत मसाल्याच्या पानावर पोचलो तेव्हा मला कळलं. मी पलंगाखाली पाहिलं, गादीखाली पाहिलं, पोथ्यांत पाहिलं. मग दुपारी जेवणाच्या टेबलाशी बसलो. बायकोला विचारणं सोपं होतं. पण विचारलं असतं तर ती म्हणाली असती, कागद बघा ना. चौतीस वर्षांत एकही कागद न हरवलेल्या माणसाला हे वाक्य ऐकायचं नव्हतं.

म्हणून मी आठवायला बसलो. दर उन्हाळ्यात मसाल्याची पिशवी घेऊन डंकावर, म्हणजे मसाला कुटून देणाऱ्या गिरणीवर, मीच तर जायचो. पिशवी कशी जड लागायची ते मला माहीत होतं. वरून दगडफूल कसं फुगून दिसायचं ते डोळ्यांपुढं होतं. दगडफूल वजनाला काहीच नसतं, पण फुगतं फार, म्हणून मी ते भरपूर लिहिलं. लवंग वासावरून लिहिली. धणे, खोबरं, तीळ किराणावाल्याला विचारून लिहिले. सुकवलेला कांदा माझ्या पिशवीत कधी नसायचा, तो सटाण्याहून वेगळा यायचा आणि बायको तो घरीच भाजून शेवटी मिसळायची. मला तो आठवलाच नाही. पान पूर्ण झालं. अक्षर फार छान आलं होतं. मी शिक्का मारला आणि सही केली.

त्या उन्हाळ्यात मी नोंदीबरहुकूम मसाला कुटून आणला आणि थेट बरणीत भरला. बायकोनं बोटावर घेऊन जिभेला लावला आणि थांबली.

“कांदा कुठंय यात?”

“नोंदीत नाही.”

“मी दरवर्षी घालते की.”

“नोंदीत नाही,” मी पुन्हा म्हणालो.

“दगडफूल जास्त झालंय. आणि लवंग टोचतेय जिभेला.”

मी कपाट उघडून नोंदवही आणली आणि तिच्यासमोर धरली. ती शिक्क्याकडे बघत राहिली. आमच्या घरात माझ्या नोंदींवर तिचा विश्वास होता. मुलाच्या शाळेचे दाखले, तिच्या वडिलांच्या घराचे उतारे, सगळं मी कधी चुकवलं नव्हतं.

“मग कांदा मी वाटणात घालत असेन,” ती म्हणाली. “माझंच काहीतरी झालं असेल.”

तेव्हा बोलायला हवं होतं. कांदा तेवढा राहिला म्हटलं असतं तर ती मूळ कागद मागणार, आणि मूळ कागद नाही म्हटलं असतं तर बाकीच्या पानांवरचाही विश्वास जाणार, असा मी हिशेब केला. तो मी स्वतःसाठी केला होता.

धाकट्या मेहुणीचा नेहमीसारखा फोन आला तेव्हा बायको म्हणाली, “दाजींनी पक्कं लिहून ठेवलंय, त्यांनाच विचार.” मी पानाचा फोटो काढून पाठवला. मेहुणीनंही कांद्याचं विचारलं. बायकोनंच तिला सांगितलं, शिक्का आहे बाई. मेहुणीनं तो फोटो जावेला पाठवला, जावेनं विहिणीला, बायकोनं देवळालीच्या मामेबहिणीला. सटाण्यात कांदा साठवायच्या भरगच्च चाळींच्या शेजारी बसून पाच घरं बिनकांद्याचा काळा मसाला करू लागली.

दुसऱ्या वर्षीपासून बायको कुणालाही विचारू लागली, “मीठ बघ गं.” तिसऱ्या वर्षी आमटी चाखायचं काम तिनं सुनेकडे दिलं. जिच्या नुसत्या वासावर दूध कालचं की आजचं ठरायचं, ती ओट्यापाशी पळी हातात धरून सुनेच्या तोंडाकडे बघत उभी राहायची. मग आम्ही कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे गेलो. मी तिची पर्स धरून बसलो होतो. डॉक्टरांनी जिभेवर साखर ठेवली, मीठ ठेवलं, लिंबू पिळलं, काहीतरी कडू लावलं. तिनं सगळं बरोबर सांगितलं.

“जीभ चांगली आहे,” डॉक्टर म्हणाले.

“दगडफूल आहे का तुमच्याकडे?” तिनं विचारलं.

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी पर्सकडे पाहिलं. त्यांनी गोळ्या लिहून दिल्या आणि वयाचं कारण सांगितलं. तसल्या आम्ही चार फेऱ्या केल्या. प्रत्येक फेरीचा कागद मी फायलीत लावला. फायलीवर ‘जीभ’ असं लिहिलं आणि ती ‘अ’ वर्गात ठेवली.

घरीही मी तिची परीक्षा घेतली. डोळ्यांवर नॅपकिन बांधून वाट्या पुढं ठेवायचो. तिनं दोन दुकानांचे हिंग वेगळे ओळखले. आमच्या नळाचं पाणी आणि देवळालीहून बाटलीतून आणलेलं पाणी वेगळं ओळखलं. रिकाम्या वाटीत आधी कोकम ठेवलं होतं, तेही सांगितलं. मला वाटलं, आता तिची खात्री पटेल आणि मी सुटेन. तिनं नॅपकिन सोडला आणि शांतपणे म्हणाली, “बाकी सगळं कळतं हो. फक्त आईचं कळेनासं झालंय. असं कसं नेमकं तेवढंच जाईल?”

मी वाट्या गोळा केल्या आणि धुवायला गेलो. वाट्या धुवायची माझी ती पहिलीच वेळ होती. तिला संशय यायला हवा होता, पण आला नाही.

या वर्षी ती चार दिवस सटाण्याला जाऊन आली. आल्यावर पिशवीही खाली न ठेवता म्हणाली, “मिटलं एकदाचं. तिथला मसाला पण तसाच लागला. त्याच घरातला, तीच बहीण करणारी, तरी तसाच. म्हणजे मसाला बरोबर आहे. माझी जीभच गेली.” मग तिनं सुनेला हाक मारली. “यंदापासून मसाला तू कर. मी हात लावणार नाही. मला काय कळतंय त्यातलं.”

सून म्हणाली, “आई, असं काय!”  आत जाऊन बायकोनं मसाल्याची बरणी वरच्या फळीवरून खालच्या फळीवर, सुनेच्या हाताशी, आणून ठेवली. बरणीची फळी बदललेली मी पाहिली आणि माझ्यानं पुढं राहवेना.

तोंडानं बोलायची मला सवय नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी टिप्पणी लिहिली. ‘विषय: काळ्या मसाल्याच्या मूळ कागदाबाबत. सादर. सदर मूळ कागद माझ्या हातून नष्ट झाला असून नोंदवहीतील प्रमाण अधोस्वाक्षरीकाराने अंदाजाने लिहिले आहे. सबब आपली जीभ निर्दोष असून सर्व दोष नोंदीचा आहे. आदेशार्थ.’ ‘जीभ’ फायलीत सगळ्यात वर लावली आणि तिच्यापुढं चहाच्या कपाशेजारी ठेवली. ती मेथी निवडत होती. हात पुसून, चष्मा लावून तिनं दोनदा वाचलं.

“अधोस्वाक्षरीकार म्हणजे तुम्हीच ना?”

“हो.”

“मग तसं लिहा.”

मी तो शब्द खोडून ‘मी’ असं लिहिलं. 

ती उठली, खालच्या फळीवरून बरणी काढली, बोट बुडवून जिभेवर ठेवलं. “कांदा नाही. दगडफूल जास्त. लवंग टोचते.” मग माझ्याकडे वळली. “पहिल्या वर्षी मी हेच म्हटलं होतं ना?”

“हो.”

“हो काय? मोठ्यानं सांगा.”

“तू हेच म्हटलं होतंस.”

“आणि डॉक्टरकडे चारदा. चारदा माझी पर्स धरून बसलात. तोंड उघडून बसले होते मी, आणि उघडायला हवं होतं तुमचं!”

 तिनं फोन उचलून सटाण्याला लावला आणि बहिणीशी बोलताना ती बोलायची तशी माहेरच्या अहिराणीत जवळजवळ ओरडली, “मनी जीभ धड शे वं!” माझी जीभ धड आहे गं, एवढंच, आणि मग रडू लागली. पलीकडून मेहुणी घाबरून “काय झालं, काय झालं” करत होती. सून बेडरूममधून धावत आली. मी फाईल हातात घेऊन उभा होतो. सून माझ्याकडे बघून म्हणाली, “बाबा, मी फक्त वहीत लिहा म्हटलं होतं.”

त्यानंतर आठ दिवस बायको माझ्याशी बोलली नाही. फ्रिजवर मात्र तिच्या अक्षरात नवा तक्ता लागला. सोमवार, पिठलं. मंगळवार, पिठलं. असं शनिवारपर्यंत. रविवारच्या चौकोनात लिहिलं होतं: ‘पिठलं (तातडीची बाब).’ तक्ता फक्त माझ्यापुरता होता. बाकीच्यांना भरली वांगी, शेवभाजी असं काही काही मिळत होतं. मी पिठलं खात राहिलो. बदल हवा असेल तर तीन दिवस आधी कळवायचा नियम माझाच होता.

नवव्या दिवशी तिनं मला ओट्यापाशी बोलावलं आणि हातात कढई दिली. मी भाजायचं, ती मिक्सरमध्ये फिरवणार आणि चाखणार. मूठभर मसाला करून बघायची, “नाही” म्हणायची आणि पुन्हा सुरू. खोबरं माझ्याकडून दोनदा करपलं. सटाण्याहून सुकवलेला कांदा आला. तीन आठवडे घराला एकच वास होता, वरच्या मजल्यावरून विचारणा झाली. अकराव्या खेपेला तिनं बोट जिभेवर ठेवलं आणि स्टुलावर बसली.  मी गॅस बंद केला.

“लिहा,” ती म्हणाली.

मी नोंदवही आणली. जुन्या पानावर तिनं स्वतः आडवी रेघ मारली. नव्या पानावर ती सांगत गेली, मी लिहीत गेलो, कांदा पहिल्या ओळीत. खाली मी सवयीनं शिक्का उचलला. तिनं माझं मनगट धरलं. शिक्का बाजूला ठेवून पेन घेतलं आणि त्या जागेवर लिहिलं: ‘चाखून पाहिलं. बरोबर आहे.’ आणि सही केली. आमच्या इतक्या वर्षांच्या संसारात तिची सही मी बँकेच्या कागदांशिवाय कुठं पाहिली नव्हती. बरणी वरच्या फळीवर परत गेली. कपाटाची किल्ली आता खिळ्यावर टांगलेली असते.

मी सहाही घरांना शुद्धिपत्रक पाठवलं. देवळालीची पोच आली. सटाण्याहून मेहुणीचा फोन आला. “दाजी, ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “आमले आते हाऊच मसाला आवडस.” आता हाच आवडतो म्हणे. सहा वर्षांत तिथली नवी सून त्याच चवीला आईच्या हातची चव म्हणायला शिकली आहे.

मी बायकोला विचारलं, याचं काय करायचं. ती आमटीत पळी फिरवत होती. तिनं पळीतलं तळहातावर घेतलं, चाखलं, वर न बघता मीठ थोडं वाढवलं. मला विचारलं नाही, सुनेलाही नाही.

“त्यांना खाऊ द्या,” ती म्हणाली. “पण तुमचा शिक्का तेवढा काढून टाकायला सांगा.”

म्हणून हे लिहिलं.